शब्दचर्चा : ‘एल्फिन्स्टन’ म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न

मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज, प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड आणि पेशवाईच्या अखेरीस पुण्यात असलेला रेसिडेंट एल्फिन्स्टन, ही तिन्ही नावं एकाच माणसाची का? शिवाय मराठीत लिहायचं कसं? एल्फिन्स्टन, एल्फिस्टन आणि एल्फिन्स्टोन अशी तीन रूपं मी छापील मजकुरात पाहिली आहेत.

उत्तर

एकाच माणसाची नाहीत. कॉलेज काकाच्या नावाचं आहे, स्टेशन पुतण्याच्या. पुण्यातला रेसिडेंट तो काका.

काका म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जन्म १७७९, स्कॉटलंडमधल्या डंबार्टनचा. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता, नंतर नागपूरला भोसल्यांच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा तिथे राहणारा वकील, आणि १८११ पासून पुण्यात. पुण्यातली रेसिडेन्सी संगमावर होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच वेळी ती जाळली गेली आणि त्यात त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलुखाची व्यवस्था त्यानंच लावली. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता.

आपल्याकडे त्याचं नाव दोन अगदी उलट कारणांनी घेतलं जातं. पेशव्यांचं राज्य संपवणाऱ्या कारस्थानी इंग्रजांत त्याची गणना होते, आणि शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांतही. दोन्ही खरं आहे. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत तिचा पैसा बंद न करता त्यातला काही भाग त्यानं विद्येकडे वळवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, ती त्याच्याच काळात. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभं राहिलं. तो मुंबई सोडून निघाला तेव्हा शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली, दोन लाखांहून अधिक रुपये जमले आणि त्यातून त्याच्या नावानं अध्यापकांची पदं निर्माण करायचं ठरलं. एल्फिन्स्टन कॉलेजचं मूळ ते. दादाभाई नौरोजी तिथे गणित शिकवत होते. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, गोखले, डॉ. आंबेडकर ही सगळी तिथली विद्यार्थी मंडळी. म्हणजे या नावाला मराठीत जो मान आहे, तो गव्हर्नरापेक्षा या विद्यार्थ्यांनी मिळवून दिलेला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पुतण्या म्हणजे जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. हा आधी १८३७ ते १८४२ मद्रासचा गव्हर्नर होता, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. १८५७ च्या उठावात मुंबई इलाखा याच्या ताब्यात होता आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलपती हाच. एल्फिन्स्टन रोड याच्या नावाचा. मुंबईच्या कोटातलं, म्हणजे फोर्टमधलं, एल्फिन्स्टन सर्कलही याच्याच नावाचं. स्वातंत्र्यानंतर त्याचं हॉर्निमन सर्कल झालं. इथे एका ब्रिटिश आडनावाच्या जागी दुसरं ब्रिटिश आडनाव आलं आणि ते समजून उमजून आणलं गेलं. बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक, हिंदी स्वातंत्र्याची बाजू घेतली म्हणून १९१९ मध्ये सरकारनं त्यांना हद्दपार केलं होतं.

आता वापराचा मुद्दा. मराठी पुस्तकांत आणि वृत्तपत्रांत खडकीच्या लढाईच्या संदर्भात ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ असं सर्रास छापलेलं दिसतं. ते चूक आहे. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. त्या पद्धतीत किताब थोरल्याकडे जातो, धाकट्यांकडे नाही, त्यामुळे तो आयुष्यभर लॉर्ड नव्हता. मुंबईच्या इतिहासात नुसतं ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ म्हटलं की तो १८५७ चा गव्हर्नर, म्हणजे पुतण्या समजायचा. हा एक शब्द जपून वापरला तरी निम्मा घोटाळा मिटतो.

आणखी एक. ‘माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असं तोडून लिहू नये. माउंटस्टुअर्ट हे अखंड नाव आहे. त्यात दडलेलं स्टुअर्ट हे आडनाव मराठी माणसाला दुसऱ्या रूपात चांगलं परिचयाचं आहे. वडगावच्या मोहिमेत कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा. तो पडला जानेवारी १७७९ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात माउंटस्टुअर्टचा जन्म झाला. शत्रूच्या शौर्याला ‘फाकडा’ म्हणून दाद देणाऱ्यांनी त्याचं आडनावही स्वतःच्या जिभेवर बसवून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आरंभीच्या स्ट ला ‘इ’चा टेकू आणि ट च्या आधी ष, ही आपली जुनी वाट. इष्टेशन, इष्टूल, इष्टॉप, सगळीकडे तो ‘इ’ भेटतो.

पुरवणी प्रश्न

मग ‘स्टन’ की ‘स्टोन’? इंग्रजी स्पेलिंगात तर सरळ दगड दिसतो.

उत्तर

दगड दिसतो, पण तो तिथे नाही. हे आडनाव आलं एका गावावरून. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं खेडं आहे, आणि ती जमीन ज्यांच्याकडे होती त्यांचं ते आडनाव झालं. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव होतं, तिथे गावाचं नावच जसंच्या तसं आडनाव म्हणून चालतं. गावाच्या नावातला शेवटचा भाग ‘टन’, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाडी, वस्ती. आधीचा भाग कुणा माणसाचं नाव असावं असं मानतात. म्हणजे अमक्याची वाडी. मधला स हा षष्ठीचा, आपल्या ‘ची’च्या जागचा. स आणि टन जवळ आले आणि पुढे कुणीतरी शेवटी ई जोडून त्याचा ‘स्टोन’ करून टाकला. लिव्हिंगस्टन आणि जॉन्स्टन ही नावंही तशीच आहेत. आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या नावातही दगड नाही.

म्हणून ‘एल्फिन्स्टन’ हेच लिहावं. उच्चारातही शेवटचं अक्षर आखूड ‘स्टन’ असंच आहे. मराठीनं स्पेलिंगकडे न बघता कानानं ऐकून लिहिलं आणि ते बरोबर निघालं. ‘एल्फिन्स्टोन’ हे अलीकडे स्पेलिंग बघून केलेलं रूप आहे, ते टाळावं. ‘एल्फिस्टन’ची गोष्ट वेगळी. न् स् ट् अशी तीन व्यंजनं एकत्र आली की बोलताना पहिलं गळतं, लोकलच्या गर्दीत तर हमखास. ते बोलण्यातलं रूप आहे आणि कथेतल्या पात्राच्या तोंडी ते शोभतं, लेखात मात्र पूर्ण रूप घ्यावं.

एक शंका

काबूलला इंग्रज फौजेचा सत्यानाश झाला तिथेही एल्फिन्स्टनच होता ना? हाच का?

उत्तर

हा नाही, याचा चुलतभाऊ. पण ही शंका विचारलीत ते उत्तम केलंत, कारण इथे घोटाळा झाला तर मोठा अन्याय होतो.

काबूलचा तो मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. वॉटर्लूच्या लढाईत पलटणीचा प्रमुख होता. काबूलला गेला तेव्हा साठीला टेकलेला आणि आजारानं खिळलेला. ६ जानेवारी १८४२ ला त्याच्या हाताखाली सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले. त्या सैन्यात हिंदुस्थानी शिपाई फार मोठ्या संख्येनं होते. आठवड्याभरात वाटेतल्या खिंडींत जवळजवळ सगळे कापले गेले, गोठून मेले किंवा कैद झाले. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून जलालाबादला पोचला. जनरल स्वतः अफगाणांच्या कैदेत त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला.

ही मोहीम काढली होती अफगाणिस्तानचा पदच्युत राजा शाह शुजा याला पुन्हा गादीवर बसवायला. आणि या शाह शुजाच्या दरबारात, १८०९ मध्ये पेशावरला, कंपनीचा वकील म्हणून गेला होता आपला माउंटस्टुअर्ट. त्या भेटीनंतर त्यानं काबूलच्या राज्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८१५ मध्ये निघाला. मोहीम निघाली तेव्हा तो निवृत्त होऊन इंग्लंडात होता. त्यानं पत्रातून स्पष्ट लिहिलं होतं की सैन्य काबूल घेईल, शुजाला बसवेलही, पण त्या गरीब, थंड आणि दूरच्या मुलुखात त्याला टिकवून धरण्याची आशा नाही. एका भावाचा इशारा खरा ठरला तो दुसऱ्या भावाच्या हातून. ‘एल्फिन्स्टननं काबूल घालवलं’ असं नुसतं लिहिलं की ज्यानं आधीच सावध केलं त्याच्याच माथी ते पाप बसतं. म्हणून माझा आग्रह असा : पहिल्या उल्लेखात पाळण्यातलं नाव द्यावं, आणि ते जड वाटत असेल तर निदान ‘जनरल’, ‘लॉर्ड’, ‘रेसिडेंट’ यांतला योग्य शब्द तरी.

याच घरातला आणखी एक मोठा माणूस नावामुळे लपतो. या दोघांचा काका जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, आरमाराचा अॅडमिरल. १७९५ मध्ये डचांकडून केप वसाहत घेणाऱ्या आरमाराचा तो प्रमुख, आणि १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवण्याची व्यवस्था पाहणाराही तोच. इतिहासात तो ‘लॉर्ड कीथ’ म्हणून येतो.

आणखी एक मत

स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. साहेबाचं नाव गेलं, बरं झालं. मग त्यावर इतकं कशाला लिहायचं?

उत्तर

प्रभादेवी हे त्या परिसराचं स्वतःचं नाव आहे आणि ते स्टेशनला मिळालं हे योग्यच झालं. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण शब्द पाटीवरून उतरला म्हणून भाषेतून जात नाही. सप्टेंबर २०१७ ची पुलावरची चेंगराचेंगरी ‘एल्फिन्स्टनची दुर्घटना’ म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे. तेवीस माणसं गेली त्यात. गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘एल्फिन्स्टनला उतरलो’ हे वाक्य अजून आहे. त्यात ना काका आहे ना पुतण्या, ते त्यांच्या गिरणीच्या वाटेचं नाव आहे.

कराचीतही असंच घडलं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. तिथल्या एल्फिन्स्टन स्ट्रीटचा पुढे झैबुन्निसा स्ट्रीट झाला, पण जुने कराचीकर त्या बाजाराला लाडानं ‘एल्फी’ म्हणत. मद्रासला अड्यार नदीवर एल्फिन्स्टन पूल होता, तो पुतण्याच्या तिथल्या कारकिर्दीतला. ओमानच्या मुसंदममध्ये जुन्या नकाशांवर एल्फिन्स्टन इनलेट आणि माल्कम इनलेट अशा शेजारी शेजारी खाड्या दिसतात. इराणच्या आखाताची मोजणी मुंबईच्या आरमारानं केली होती, आणि मुंबईच्या गव्हर्नरपदावर एल्फिन्स्टननंतर माल्कम आला.

सगळ्यांत लांबचा प्रवास मात्र नाटकवाल्यांनी केला. मुंबईत पारशी रंगभूमीवर एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांमुळे एल्फिन्स्टन ड्रॅमॅटिक क्लब हे नाव आलं. त्या मंडळीत जमशेटजी फ्रामजी मदन होते. ते कलकत्त्याला गेले, १९०२ मध्ये मैदानावर तंबू ठोकून बायोस्कोप दाखवू लागले, आणि कंपनीला नाव दिलं एल्फिन्स्टन बायोस्कोप. डंबार्टनच्या माणसाचं नाव मुंबईच्या कॉलेजला, कॉलेजचं नाटक मंडळीला, मंडळीचं कलकत्त्याच्या सिनेमाला. जुन्या सिनेमाच्या इतिहासात ‘एल्फिन्स्टन’ आलं तर तिथे गव्हर्नर शोधू नका.

मेलबर्नहून

इथून बेंडिगोकडे जाताना एल्फिन्स्टन नावाचं छोटं गाव लागतं. पाटी पाहिली की मुंबईकर माणूस हमखास वळून बघतो. कॅनडात व्हँकूव्हरच्या उत्तरेला माउंट एल्फिन्स्टन आहे. तो यांच्यातल्याच कुणाच्या नावाचा का?

उत्तर

कॅनडातला डोंगर वर आलेल्या कुणाच्याच नावाचा नाही. तो कॅप्टन जॉन एल्फिन्स्टन, १७९४ च्या एका आरमारी लढाईत ‘ग्लोरी’ या जहाजाचा कप्तान. त्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच नावांत त्याच लढाईतले कप्तान आणि जहाजं आहेत. लॉर्ड जॉनशी त्याची गल्लत करू नये.

आणि स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला गेलात तर तिथला एल्फिन्स्टन या सगळ्यांहून जुना आहे. बिशप विल्यम एल्फिन्स्टन, १४३१ ते १५१४. ॲबर्डीन विद्यापीठ १४९५ मध्ये त्यानं स्थापन केलं, आणि स्कॉटलंडमध्ये छपाई सुरू होण्यामागेही त्याचा हात होता. तिथली लोकसंगीत आणि लोकपरंपरांचा अभ्यास करणारी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट या बिशपच्या नावाची आहे, मुंबईच्या गव्हर्नरांशी तिचा संबंध नाही. मुंबईतही १८४० च्या दशकात कॉलेजच्या पूर्वावताराचं नाव ‘एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन’ होतं, म्हणून जुने संदर्भ काढताना शहर आणि साल आधी बघा.