मदत हवी आहे: आठवीच्या समुपदेशन तासासाठी

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर भागातल्या एका शाळेत शिकवते. बहुतेक पालक एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. शाळेत समुपदेशक नाही, म्हणून यंदा आठवीचा आठवड्यातला एक तास माझ्याकडे आलाय.

जागतिक आरोग्य संघटनेची १० जीवनकौशल्यं वाचली, फळ्यावर लिहिली. मुलांनी निमूटपणे वहीत उतरवून घेतली, बस्स. मग नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. एकीत होतं, "पप्पा नाइटवरून येऊन झोपतात, घरात मोठ्याने वाचता येत नाही." दुसरीत फक्त "गणिताच्या तासाला पोटात दुखतं." त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही.

राग, मैत्रीतली भांडणं, अभ्यासाची भीती यांवर मराठीतून घेता येतील असे खेळ किंवा उपक्रम कोणी वर्गात करून पाहिलेत का? पन्नास मुलं आहेत, बाक हलत नाहीत.

आणि एखादं मूल काही गंभीर सांगू लागलं तर पुढे नेमकं काय करता? मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक वर्गात लावलेत. पण त्या क्षणी मुलाशी काय बोलावं, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचंय. पुढचा तास शुक्रवारी आहे.