नेपाळला आधार कार्ड चालतं का? (सोसायटी ग्रुप, रविवार)

मानसी, बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन नेपाळला जायचं ठरवतोय. पशुपतिनाथ, पोखरा आणि मुक्तिनाथ. बाबा ६७, आई ६३, आर्या १६ आणि आम्ही दोघं. पासपोर्ट फक्त आमच्या दोघांकडे आहे. ट्रॅव्हलवाले म्हणतात बाकीच्यांचं आधारवर होईल. कुणी नुकतं जाऊन आलंय का?

निखिल, ए-६०३: व्हिसा लागत नाही. माझा मित्र आधारवरच जाऊन आला.

सुलभाताई, सी-२०१: मानसी, तिकिटं काढली नसतील तर थांब. निखिल, तुझा मित्र उत्तर प्रदेशातल्या सोनौलीवरून रस्त्याने गेला असेल. तिथली सीमा खुली आहे, लोक रोज ये-जा करतात. विमानाने जाताना मुंबईच्या काउंटरवरच कागद बघतात.

सुलभाताई, सी-२०१: नियम वयावर आहे. १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक लागतंच. आधार चालतं ते १५ च्या आतल्या मुलांना आणि ६५ च्या वरच्यांना. म्हणजे तुझ्या बाबांचं आधारवर होईल, आईंचं होणार नाही.

मानसी, बी-३०४: बापरे. हे कुणी सांगितलंच नाही 😟

सुलभाताई, सी-२०१: आम्हालाही नव्हतं सांगितलं. आम्ही अकराजण निघालो होतो. माझ्या जाऊबाई ५८ च्या. हातात आधार, पॅन, अगदी रेशन कार्डसुद्धा. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, मावशी, यातलं काही चालणार नाही. पहाटे चार वाजता दीर त्यांना घेऊन घरी परतले. वर्षभर पैसे साठवून ठरवलेली यात्रा, आणि पशुपतिनाथासमोर उभं राहिल्यावर मला दर्शनापेक्षा त्यांचाच चेहरा दिसत होता. म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

देशपांडे काका, ए-१०२: फार वाईट झालं. मानसी, आईंचं मतदार कार्ड आहे ना? मूळ कार्ड काढून ठेव, झेरॉक्सवर भरवसा नको. आणि नाव तपास. तिकिटावर जे नाव तेच कार्डावर हवं. आपल्याकडे बायकांच्या कार्डांवर माहेरचं-सासरचं नाव हटकून गोंधळलेलं असतं. दुरुस्तीला किंवा हरवलेल्या कार्डाच्या बदली दुसरं मिळवायला फॉर्म ८ भरायचा.

मानसी, बी-३०४: कार्ड आहे, पण कुठे ते बघावं लागेल. आणि आर्याचं काय?

देशपांडे काका, ए-१०२: १५ ते १८ च्या शाळकरी मुलांना ठरावीक नमुन्यातलं मुख्याध्यापकांचं ओळख प्रमाणपत्र चालतं. पण मी तर म्हणेन, तिचा पासपोर्टच काढ. पुढे लागणारच आहे.

निखिल, ए-६०३: सॉरी मानसीताई, मला वयाचं माहीत नव्हतं. पैशांचं सांगतो. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्यामुळे कुणी १५० म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

सुलभाताई, सी-२०१: नोटा शंभराच्या न्या. २०१८ च्या शेवटी नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. नंतर नियम हलत राहिले, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घे. शंभराची नोट मात्र कुठेच अडत नाही.

निखिल, ए-६०३: तिथे दुकानांत ‘फोनपे’ असा क्यूआर दिसतो. ती नेपाळची स्वतःची व्यवस्था आहे, आपल्या मोबाइलमधल्या ॲपशी फक्त नाव जुळतं. २०२४ पासून त्यावर आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरात रोखच लागते.

सुलभाताई, सी-२०१: आता खरं महत्त्वाचं, मुक्तिनाथ. कळसूबाई १६४६ मीटर. मुक्तिनाथ त्याच्या दुपटीहून वर, ३७०० च्या पुढे. पोखरा हजार मीटरच्याही खाली. पोखऱ्याहून विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत जोमसोम, म्हणजे २७०० वर. तिथून जीपने मंदिराखालच्या राणीपौवा गावापर्यंत आणि मग पायऱ्या. एका सकाळी एवढं चढल्यावर तरुणांचंही डोकं धरतं. टूरवाले त्याच दिवशी दर्शन करून परत आणतात, ते मला पटत नाही. एक रात्र जोमसोमला काढा, जेवण हलकं, पाणी भरपूर. आईबाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर नक्कीच. वर गेल्यावर डोकेदुखी वाढली, मळमळलं, तोल जायला लागला तर दर्शन राहिलं तरी चालेल, आधी खाली उतरायचं.

मानसी, बी-३०४: बाबांना बीपी आहे. मुक्तिनाथच्या मंदिरातल्या १०८ धारांखाली अंघोळ करायचीच म्हणतात 🙏

सुलभाताई, सी-२०१: पाणी बर्फासारखं असतं. ओंजळीत घेऊन डोक्यावर शिंपडलं तरी पुण्य तेवढंच, असं मीच सांगितलंय म्हणून सांग. तिथे बौद्ध भिक्षुणीही सेवेत असतात. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात जमिनीतल्या वायूवर जळणारी ज्योत आहे, ती चुकवू नका.

देशपांडे काका, ए-१०२: एक राखीव दिवस ठेवा. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे वारा सुटतो, म्हणून जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, आणि ढग आले की रद्द. परतीचं मुंबई तिकीट लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका. विमा घेताना एवढ्या उंचीवरची सुटका, हेलिकॉप्टरसकट, त्यात आहे का ते वाचा.

सुलभाताई, सी-२०१: मुक्तिनाथला अन्नपूर्णा क्षेत्राचा परवानाही लागतो. सार्कवाल्यांना, म्हणजे भारतासकट दक्षिण आशियातल्या देशांच्या लोकांना, १००० नेपाळी, म्हणजे आपले ६२५. पासपोर्ट साइज फोटो सोबत ठेवा, सिमकार्डालाही लागतात. पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ देत नाहीत, आतल्या आवारात फोटोही नाही. संध्याकाळची बागमतीकाठची आरती मात्र थांबून बघा.

कदम, बी-५०२: आम्ही कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली असे गेलो होतो. वेळ असेल तर तो रस्ता चांगला, लुंबिनी होते. अशोकस्तंभासमोर आई अर्धा तास नुसती बसून होती. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, आणि तिथे सुट्टी शनिवारी असते, बँकेची कामं त्याआधी.

मानसी, बी-३०४: आईचं कार्ड सापडलं!! देव्हाऱ्याच्या खणात होतं. पण कदमकाका म्हणाले त्याप्रमाणे लुंबिनी घ्यायची तर दिवस वाढवावे लागतील. आणि कार्डावर नाव ‘सुमन’ आहे, आधारवर ‘सुमनताई’ 😟

देशपांडे काका, ए-१०२: तिकीट ‘सुमन’ नावाने काढ, कार्डावर आहे तस्संच, आडनावासकट. फॉर्म ८ च्या भानगडीत आता पडू नकोस.

सुलभाताई, सी-२०१: आणि आईंना माझं जाड जॅकेट होईल. कानटोपी, हातमोजेही आहेत. संध्याकाळी सातनंतर घरीच आहे, आईंनाच घेऊन ये, मापाला घालून बघू.