मॉडेल विमानांच्या क्लबला नवे सभासद : मांजलपूरकरांच्या लेखाला उत्तर आणि पुढची चर्चा

कंट्रोललाइनवाले काका

मांजलपूरकरांनी परवा लिहिले की, बडोद्यातला आपला मॉडेल विमानांचा क्लब आमच्यासारख्या जुन्या सभासदांमुळे म्हातारा होत चालला आहे, आणि तरुण मंडळी हवी असतील तर नवलखी मैदानावर मोठे प्रात्यक्षिक करावे, कॅमेऱ्याचे ड्रोन उडवणाऱ्यांना सभासद करून घ्यावे आणि नवख्यांना बाल्साचे हलके लाकूड घासायला बसवणे एकदाचे बंद करावे. हे वाचून मला राग आला आणि तो दोन दिवसांत शमला नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

प्रथम नवलखीविषयी. ते मैदान हरणीच्या विमानतळापासून ८ किलोमीटरांच्या आत आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरांपर्यंतचे आकाश जमिनीपासूनच पिवळ्या पट्ट्यात मोडते आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरांत २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे आणि त्यापलीकडे, लाल किंवा पिवळा पट्टा नसेल तिथे, ४०० फुटांपर्यंत. आपण पहाटे उठून पाद्र्याच्या पलीकडे, कपाशी काढून झालेल्या शेतात जातो ते याचसाठी. शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे त्या नमुन्याची सरकारी मान्यता, लागत नाही, ही सवलत याच नियमांनी आपल्याला दिली आहे. गर्दीवर एक विमान कोसळले, तर ती सवलत टिकावी म्हणून बोलायला आपल्याकडे तोंड उरणार नाही.

दुसरे म्हणजे, पूर्वी लोक क्लबात येत ते जाहिरातीमुळे नव्हे, तर गरजेमुळे. विमान चालवायच्या जुन्या रेडिओत प्रत्येक चॅनेलचा वेगळा क्रिस्टल असे; एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर, म्हणजे हातातले नियंत्रक, सुरू केले की एकाचे विमान हातचे गेलेच म्हणून समजा. मैदानावर एक फळी असे, तिच्यावरची आपल्या चॅनेलची चिमटी उचलल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे, आणि चिमटी मोकळी होईपर्यंत थांबावे लागे म्हणून माणसे एकमेकांशी बोलत. चॅनेल आपोआप निवडणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंनी ती अडचण संपवली, आणि तिच्याबरोबर ते थांबणेही संपले. आज मुलगा फोमचे तयार विमान मागवतो, त्यातला जायरो, म्हणजे तोल राखणारा छोटा भाग, विमान सरळ ठेवतो, आणि तो एकटाच कुठल्या तरी मोकळ्या प्लॉटवर उडवून ते मोडतो. मोडल्यावर जोडता येत नाही, म्हणून छंदही सोडतो. ज्याने एक तरी पंख स्वतः जोडला आहे तोच टिकतो, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

मांजलपूरकर

नवलखीविषयी तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते. पट्ट्यांचा नकाशा न पाहता मी ते लिहायला नको होते. बाकी काहीही मान्य नाही.

चार वर्षांपूर्वी मी पगारातून पैसे साठवून फोमचे वरच्या पंखाचे शिकाऊ विमान घेतले आणि तुमच्याच मैदानावर आलो. त्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदाने ते हातात न घेताच सांगितले की, हे खेळणे आहे, आधी बाल्साचा ग्लायडर करून आणा. माझी कारखान्यात पाळी असते, घरी दीड खोली आहे आणि रात्री लाकूड घासले तर धूळ बाळाच्या पाळण्यात जाते. मी ग्लायडर केला, सहा महिने लागले. माझ्याबरोबर त्याच महिन्यात आलेले तिघे जण केव्हाच निघून गेले. तुमचा चाळीस वर्षांचा अनुभव टिकलेल्यांचा आहे. गेलेल्यांना तुम्ही कधी विचारलेच नाही.

माजी एअर विंग कॅडेट

मांजलपूरकर, तुमची अडचण खरी आहे, पण फोम हा तिचा उपाय नव्हे. मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. आम्हाला एरोमॉडेलिंग होते आणि पहिले काम चक ग्लायडरचे, म्हणजे हाताने फेकायच्या ग्लायडरचे असे. नाकाला किती शिसे लावायचे, तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण एक तृतीयांशावर का ठेवायचा, शेपटीचा कोन केसभर बदलला की विमान का गटांगळ्या खाते, हे सगळे बाल्साच्या त्या एका तुकड्याने शिकवले. फोमच्या विमानात कारखान्याने हे आधीच ठरवलेले असते, त्यामुळे मुलाला प्रश्नच पडत नाही.

कलाभवनचा विद्यार्थी

बाल्सा कुठून येतो याचा विचार कोणी करणार आहे का? तो मुख्यतः इक्वाडोरहून येतो. पवनचक्क्यांच्या पात्यांतही तो भरतात, आणि २०२० च्या सुमारास ती मागणी इतकी वाढली की जगभर त्याचा भाव चढला. आम्ही कलाभवनच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन स्पर्धेसाठी विमान केले तेव्हा पंखाच्या फासळ्यांपुरताच बाल्सा परवडला. बाकी सगळे डेप्रॉन (फोमची पातळ पाटी), कोरोप्लास्ट (पन्हाळी प्लास्टिक) आणि कार्बनची नळी. विमान उत्तम उडाले. डेप्रॉनच्या पाटीतून पंख कापून, वाकवून, आतून कणा घालून जो उभा करतो तो बांधणीच करत असतो. तोलाचा नियम डेप्रॉनलाही तोच लागू आहे. बांधणी आणि बाल्सा या दोन गोष्टी तुम्ही एकच का धरता?

माजी एअर विंग कॅडेट

कारण डेप्रॉन चूक झाकतो. बाल्साची शिरा चुकीच्या दिशेने धरली की तो तडकतो आणि तिथल्या तिथे शिकवतो.

कलाभवनचा विद्यार्थी

आणि तडकल्यावर बारा वर्षांचा मुलगा घरी जातो आणि परत येत नाही. काकांनी स्वतःच वर लिहिले आहे की, मोडलेले जोडता आले नाही की छंद सुटतो. डेप्रॉन चिकटपट्टीने पाच मिनिटांत जुळतो आणि मुलगा त्याच सकाळी पुन्हा उडवतो. तुम्हाला नव्या सभासदापेक्षा लाकूड जास्त प्रिय आहे, हे मी आदर ठेवून, पण स्पष्ट सांगतो.

माजी एअर विंग कॅडेट

हा आरोप मागे घ्या. दर वर्षी माझ्या खर्चाने मी दोन शाळांत ग्लायडर वाटतो.

अकोट्याची आई

लाकूड की फोम यावर तुम्ही सगळे इतके लिहीत आहात, म्हणून मला आमची हकीकत सांगणे भाग आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जुळवणीचा कारखाना बडोद्यात सुरू झाला, ५६ पैकी ४० विमाने इथेच तयार होणार असे तिने वाचले, आणि तेव्हापासून तिला दुसरे काही सुचत नाही. तिने पुठ्ठ्याचे, मग डेप्रॉनचे विमान केले. मी तिला एका रविवारी मैदानावर घेऊन आले. सकाळी सातपासून साडेदहापर्यंत आम्ही बांधावर बसलो. सावली नव्हती आणि स्वच्छतागृह तर मैलभर कुठे दिसले नाही. तीन तास मुलीने पाणी प्यायचे टाळले, ते मी पाहत होते. सगळे सज्जनपणे बोलले. एकाने विचारले की, हिचा भाऊ नाही का आला? कुणीही तिच्या हातात ट्रान्समीटर दिला नाही. परतताना ती काही बोलली नाही आणि पुढच्या रविवारी उठलीच नाही.

उत्तरायणाला आमच्या गच्चीवर काय होते ते आठवून पाहा. नवख्या मुलाला आधी कामट्या तासायला कोणी सांगत नाही. मोठा कोणी तरी दोन ठुमके मारून पतंग वाऱ्यावर चढवतो, दोरी मुलाच्या बोटांत देतो आणि स्वतः मागे फिरकी धरून उभा राहतो. ओढ बोटांना कळली की मूल स्वतःच पतंग कसा करतात ते विचारते. तुमच्याकडे दोरी हातात देणारे कोणी नाही, आणि तुम्ही दोरी कशाची असावी यावर भांडत आहात.

मांजलपूरकर

ताई, जी गोष्ट मला लेखात मांडता आली नाही ती तुम्ही मांडली. ड्रोनवाल्यांना घ्या असे मी लिहिले ते संख्येच्या ओढीने लिहिले. नुसती संख्या वाढली असती, तरी तुमची मुलगी त्या गर्दीत बांधावरच बसून राहिली असती.

कंट्रोललाइनवाले काका

ताई, त्या सकाळी मी मैदानावर होतो. तुम्हाला चहा मीच दिला, आणि मुलीशी काय बोलावे हे न सुचल्यामुळे मी माझे इंजिन पुसत बसलो. त्याची मला आज लाज वाटते.

मला मान्य करायला जड जाते, पण उत्तर आमच्याच पेटीत पडून आहे. दोन ट्रान्समीटर केबलने जोडायची जुनी सोय, ज्याला आम्ही बडी बॉक्स म्हणतो, ती माझ्याकडे आहे. शिकवणाऱ्याने कळ दाबून धरली की विमान शिकणाऱ्याच्या हातात असते, आणि कळ सोडली की त्याच क्षणी परत शिकवणाऱ्याच्या हातात येते. नवखा माणूस विमान पाडतो ते बहुधा वळणानंतर, विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागते तेव्हा, कारण त्या वेळी डावे-उजवे उलटे वाटते. ती दोन-तीन सेकंदे शेजारी कोणी असले की विमान वाचते. बॅटरीच्या एका भरणीत आठ-दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात मुलीला चार वळणे तरी स्वतःच्या हाताने घेता येतील. नव्या माणसाला पहिल्याच सकाळी हे मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी त्याने आधी काही बांधून आणण्याची अट नको. ती अट मी मागे घेतो.

बांधणी मात्र मी सोडणार नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी प्रत्येकाने काहीतरी स्वतः करून आणावे, असा माझा आग्रह राहील. ते डेप्रॉनचे असले तरी चालेल, असे मी कलाभवनच्या विद्यार्थ्याला सांगतो. कॅडेटसाहेबांशी माझे बोलणे मी वेगळे करीन.

माजी एअर विंग कॅडेट

माझे मत बदललेले नाही. तरीही ग्लायडरची पेटी मी घेऊन येतो. ज्याला हवा त्याने घ्यावा.

मांजलपूरकर

शेताच्या मालकांशी मी काल संध्याकाळी बोललो. विहिरीजवळच्या त्यांच्या खोलीमागे स्वच्छतागृह आहे आणि रविवारी ते कुलूप काढून ठेवतील. ताडपत्री आणि चार बांबू मी आणतो. ताई, मुलीला तिचे डेप्रॉनचे विमानही आणायला सांगा, तोल तपासून घेऊ. साडेसहाला पोहोचता आले तर बरे, कारण नऊनंतर त्या शेतावर वारा आडवा येतो आणि शिकणाऱ्याला उतरवणे कठीण जाते.