चिखलदऱ्याला एमटीबी (डोंगरी सायकल) : टायरात हवा किती, वाट कोणती?

प्रश्न : परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा चढायचाय, मग पठारावरच्या कच्च्या वाटा. ऑक्टोबरात. हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन), टायर 29 बाय 2.2 इंची, ट्यूबवाले. वजन 70 किलो. गुगामळ राष्ट्रीय उद्यानातून सायकल नेता येते का?

उत्तर 1 : उद्यान विसरा भाऊ. ते व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात येतं, तिथं सायकल चालत नाही. बाहेरच्या जंगलवाटेलाही आधी वनखात्याला विचारा. दिवस मावळायच्या आत डांबरीवर या. अस्वल वळणावर एकदम समोर येतं.

उत्तर 2 : आधी टायर ट्यूबलेस (बिनट्यूबचे) करा. बाभळीच्या काट्यापुढं ट्यूब टिकत नाही. दर चाकात 100-120 मिली सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दोन महिन्यांनी तपासा. काटा उपटला की भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा. हवा पुढं 22, मागं 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ट्यूबच ठेवली तर 30 च्या वर, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना टायर आतून चिंधीनं पुसा. काट्याचं मोडकं टोक आतच राहतं अन् नवी ट्यूबही जाते.

उत्तर 3 : परतीचा पाऊस झाला असेल तर शेतातली पांदण टाळा. काळी माती फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) गच्च बसते, चाक फिरत नाही. तशात जोरानं पायडल मारलं की डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो. सायकल उचला, काडीनं ओली असतानाच खरवडा. जादा हँगर सोबत ठेवा, तो आपल्याच फ्रेमचा लागतो. परतवाड्यात मिळेल या भरवशावर राहू नका.