मदत हवी आहे: नाड्या देहात शोधायच्या की ध्यानात?

सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ पहाटे आमचा प्राणायामाचा वर्ग असतो. तिथे पंधरा दिवस एकच वाद चाललाय. नाडीशोधन या प्राणायामात अंगठ्याने उजवी नाकपुडी दाबायची, डावीने सावकाश श्वास घ्यायचा. प्राण ज्यांतून वाहतो असं योगात म्हणतात त्या नाड्या: डावी इडा, उजवी पिंगला, मधली सुषुम्ना, इथवर सगळ्यांचं एकमत. पण निम्मे म्हणतात, नाड्या म्हणजे मज्जातंतूच. मला हे पटत नाही. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांपैकी हठप्रदीपिकेत नाड्या ७२,०००, शिवसंहितेत साडेतीन लाख. नसा मोजल्या असत्या, तर आकडा इतका बदलला असता का?

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय दोनदा वाचला. कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलासारखी कुंडलिनी (देहातली सुप्त शक्ती), हे वाचताना अंगावर काटा येतो, पण माझा पेच सुटला नाही. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "करत राहा, कळेल." करतेच आहे, चुकवत नाही. पण जे जाणवतं त्याला काय म्हणायचं?

संस्कृत मराठी अर्थासह असेल तर वाचता येतं. चक्रांचे रंग किंवा स्वतःचे अनुभव नकोत, त्यावर वर्गात भरपूर बोलून झालंय. नाडी हा देहाचा भाग की ध्यानासाठी कल्पिलेली वाट, हे एखाद्या जुन्या ग्रंथात किंवा टीकेत स्पष्ट सांगितलंय का? असल्यास नेमकं कुठे?