खानावळीसाठी डीप फ्रीझर: आडवा की उभा?

वाटपवाली: मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. आजवर घरच्या फ्रीजवर भागवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याआधी सुरमई नि कोळंबी भरून ठेवायची म्हणते. दुकानदार काचेच्या झाकणाचा आडवा गळ्यात मारतोय, ह्यांना स्टीलचा उभा चार दारांचा हवाय. लाइटचा भरवसा नाही. काय घेऊ?

पुणेरी_पोळी: उभाच घ्या. कप्प्यांमुळे माल समोर दिसतो. आडव्यात वाकून वाकून कंबर जाते.

गॅसभरणारा: पुण्यात ठीक आहे हो, तिथे लाइट असते. ताई, मी रत्नागिरीत हीच दुरुस्ती करतो. काचेचा आइस्क्रीमवाल्यांसाठी, गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून. तुमची सुरमई कोणाला दाखवायचीय? भरीव झाकणाचा आडवा घ्या. गार हवा जड, उभ्याचं दार उघडलं की पायावर सांडते. आडव्यात तळाशी बसून राहते. गच्च भरलेला असेल आणि झाकण उघडलं नाही, तर लाइट गेली तरी दिवस निभावतो.

आता खरी गोष्ट. डीप फ्रीझर गोठलेला माल उणे १८ वर राखायला असतो. वीस किलो ताजी मासळी एकदम कोंबलीत तर ती सावकाश गोठते, आत बर्फाचे मोठे खडे होतात, मग कढईत तुकडी पाणी सोडते आणि भुसा होतो. थोडी थोडी टाका, एका वेळेला लागेल तेवढ्या चपट्या पिशव्या करून. कोळंबी पाण्यात बुडवून गोठवा, सुकत नाही. बांगडा मात्र साठवू नका. तेलकट मासा, खवट होतो.

चुलीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. कॉइल तांब्याची मागा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला भोकं पडली की जोडताना आमच्याही नाकी नऊ येतात.

वाटपवाली: काचेचा बाद. पण तळाचा माल तळालाच राहतो, त्याचं काय? पाचशे लिटरचा बघतेय.

गॅसभरणारा: पिशवीवर तारीख घाला, जुनं वरच्या जाळीत. आणि पाचशेचा एक नको, अडीचशेचे दोन घ्या. ऐन जुलैत एक बसला तर निदान अर्धा माल वाचेल. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी सुरू झाली की एक रिकामा करून, पुसून, झाकण उघडं ठेवून बंद करा. तेवढंच बिल वाचेल.