साइड काचांना सनफिल्म लावायची आहे, पावती न फाडून घेता. किती टक्क्यांची लावू?

उन्हाने_वैतागलो (नागपूर)
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नवी हॅचबॅक घेतली आणि एप्रिल लागला तसं कळलं की ही गाडी नाही, भट्टी आहे. आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला जाणं असतं. सकाळी जाताना ऊन डावीकडून आणि संध्याकाळी परत येतानाही डावीकडूनच, त्यामुळे मी बरा राहतो आणि बाजूला बसलेली आई भाजून निघते, काचेच्या फटीत टॉवेल अडकवून बसते बिचारी. एका दुकानात ४ हजार सांगितले, दुसऱ्यात सिरॅमिक म्हणून १४ हजार, आणि दोघंही म्हणाले ५० टक्क्यांची लावा, कायद्यात बसते. खरं का?

काचवाला_पुणे
अर्धं खरं. मी या धंद्यात होतो काही वर्षं म्हणून सांगतो, ५० टक्के हा आकडा काच आणि फिल्म मिळून आहे, नुसत्या फिल्मचा नाही, आणि इथेच लोक फसतात. नियम म्हणतो पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा, बाजूच्या काचांतून ५०. आता कंपनीतून येणारी हिरवट काच स्वतःच समजा ७५ सोडते. तिच्यावर ५० ची फिल्म चिकटवली की उरले साडेसदतीस, गेलात कामातून. ७० ची लावली तर साडेबावन्न, बसलात. दुकानात उजेड मोजायचं मीटर असेल तर आधी नुसती काच मोजायला सांगा आणि मगच रोल उघडू द्या. मीटर नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पुढच्या काचेला काहीच लावू नका, तिथे ९० ची लावली तरी साडेसदुसष्टवर येते.

हायवे_ट्रॅव्हलर
अहो पण २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फिल्मच बंद केली ना?? माझी स्वतःची पावती फाटलीय, पाचशे रुपये, आणि भर रस्त्यात ब्लेडने काढायला लावली ती वेगळीच. दुसऱ्यांदा सापडलात तर दीड हजार.

काचवाला_पुणे
बरोबर, २७ एप्रिल २०१२ चा निकाल. तेव्हा नियमात काचेचा उल्लेख होता, फिल्मचा नव्हता, म्हणून टक्के कितीही असोत, वरून चिकटवलेली सगळी फिल्म बाद झाली. नंतर नियमच बदलला, १ एप्रिल २०२१ पासून काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं, त्यात आतून प्लास्टिकचा थर दिलेली काच धरतात. केरळ हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये हेच धरून सांगितलं की ७० आणि ५० पाळत असेल तर फिल्मसाठी दंड करता येणार नाही. पण तो निकाल केरळचा, आणि चौकातल्या साहेबांना तुम्ही काय हायकोर्ट वाचून दाखवणार आहात का. व्यवहाराचं सांगतो, बाहेरून आतला माणूस स्पष्ट दिसला तर सहसा कोणी अडवत नाही. बिलावर फिल्मचं नाव आणि टक्के लिहून घ्या, ते गाडीत ठेवा.

उन्हाने_वैतागलो (नागपूर)
पण भाऊ ७० ची म्हणजे जवळपास पारदर्शकच की, मग ऊन काय अडणार तिने?

काचवाला_पुणे
काळेपणा आणि गारवा यांचा फार संबंध नाही. उन्हातली जवळपास निम्मी उष्णता इन्फ्रारेडमध्ये असते, ती डोळ्याला दिसतच नाही. सिरॅमिक फिल्म नेमकी ती अडवते आणि उजेड येऊ देते, पैसे त्याचेच. दुकानात दिवा लावून फिल्ममागे हात धरायला सांगतात त्या खेळाला भुलू नका, तो दिवा बहुतेक इन्फ्रारेडच फेकतो त्यामुळे फरक जास्त वाटतो. एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते तो आकडा मागा. आणि उन्हात तीन तास उभी केलेली गाडी फिल्मनेही तापणारच, पुढच्या काचेला आतून तो चंदेरी पडदा लावत जा.

जळगावची_मीना
चार हजारवाली तर मुळीच लावू नका दादा!! आमच्या जुन्या गाडीला रंगाची स्वस्त फिल्म होती, दोन उन्हाळ्यांत जांभळी पडली आणि मग पापडासारखे फुगे. काढायला गेलो तर मागच्या काचेवरच्या त्या धुकं घालवायच्या तारा असतात ना, त्यातल्या दोन फिल्मबरोबर उखडून आल्या, आता पावसात मागचं निम्मंच दिसतं. काढायचीच झाली तर वाफेने नाहीतर हेअर ड्रायरने सावकाश, ब्लेड नको. आणि धातूची फिल्म असते तिच्यामुळे मोबाइलची रेंज जाते म्हणतात, तेही विचारून घ्या.

उन्हाने_वैतागलो (नागपूर)
मंडळी, परवा लावून घेतली, सिरॅमिक, ७० ची. मीटरवर ५३ आलं. आईचा टॉवेल सुटला, फरक खरंच आहे. पण काचेत धुरकट दिसतंय आणि मागच्या दारावर बारीक बारीक थेंब आहेत, फसलो का? आणि एक घोळ झालाय, दुकानदाराने चार दिवस काच खाली करू नका म्हणून बजावलं होतं, मी आईला सांगायचं विसरलो, आणि वाटेत जाम गावाला चहाला थांबलो तर तिने चहा घ्यायला काच सर्रकन खाली केली. आता वरचा एक कोपरा सुटलाय, नखाएवढा.

काचवाला_पुणे
धुरकटपणा आणि थेंब म्हणजे बसवताना मारलेलं साबणाचं पाणी, ते उन्हाने आपोआप सुकतं, नागपुरात तर आठवड्यातच जाईल (हेच काम जुलैमध्ये केलं असतं तर महिनाभर बघत बसला असता). सुईने टोचायला जाऊ नका. महिन्यानंतरही राहिलेला टणक ठिपका मात्र धूळ असते, ती दुकानदाराकडून बदलून घ्या. कोपऱ्याला फेविक्विक वगैरे काही लावू नका, आजच दुकानात न्या, गरम हवेने दाबून देईल, आत धूळ गेली की मग चिकटत नाही.

पुढे काच पुसायला मऊ मायक्रोफायबर आणि साधं पाणी, फार तर शाम्पूचा एक थेंब. अमोनियावालं निळं क्लीनर आणि वर्तमानपत्र दोन्ही नको. पुसण्यापेक्षा जास्त ओरखडे काचेच्या खाचेतल्या रेतीने पडतात, चंद्रपूर रोडवर कोळशाचे ट्रक चालतात तेव्हा ते रबर दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा. आणि रबरी वाटीने काचेला चिकटतात ते उन्हाचे पडदे फिल्मवर लावू नका, काढताना गोल डाग राहतो.

उन्हाने_वैतागलो (नागपूर)
निघालोच दुकानात. आईला मागे बसवलंय, काचेच्या बटणाला लॉक मारून.